पाठ्यपुस्तकातलं पान वर्गाला झेपतंय का – तुम्ही कसं तपासता?

खाडीपल्याड

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी भूगोल आणि विज्ञान शिकवतो. गणपतीची सुट्टी लागायच्या आत एक विषय इथे मांडून मोकळा होतो.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे आणि त्याला लागूनच हवेच्या दाबाचा. भरती-ओहोटी वर्गात वाचून घेतली, प्रश्न विचारले, हात भराभर वर. उधाणाची (सगळ्यात मोठी) भरती कधी? अवस-पुनवेला. भांगाची (सगळ्यात लहान)? अष्टमीला. एकाने तर तिथीची पाऊणपट करून त्या दिवशी पाणी किती वाजता भरणार तेही सांगितलं (चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, असा तो हिशोब). मी खूश. मग हवेचा दाब. मुलं तीच, वाचायचा वेग तोच, वाक्यंही साधारण तेवढीच लांब. "उंच जावं तसा हवेचा दाब कमी का होतो?" वर्ग चिडीचूप. परत वाचायला लावलं. खणखणीत वाचलं. परत चिडीचूप.

म्हणजे भरतीची उत्तरं पुस्तकातून आलीच नव्हती. ती घरून आली होती. ज्याचा बाप होडीवर जातो त्याला उधाण-भांग समजायला सातवीचं पुस्तक लागत नाही. आणि मी मात्र त्या हातांवरून ठरवून टाकलं असतं की वर्गाला पुस्तक वाचता येतं.

यावर अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्यांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी भांग घाला.

मग मी गाळलेल्या शब्दांची चाचणी करून पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न शिकवलेल्या पाठातला अडीचशे-तीनशे शब्दांचा सलग उतारा घ्यायचा. पहिलं वाक्य पूर्ण ठेवायचं. मग दर पाचवा शब्द काढायचा, तो कुठलाही असो, निवड करायची नाही. पन्नास जागा झाल्या की थांबायचं आणि उरलेला मजकूर तसाच ठेवायचा. वेळेचं बंधन नाही. मूल आजूबाजूच्या वाक्यांवरून शब्द भरतं. मूळचाच शब्द आला तर बरोबर, जितके बरोबर त्याची दुप्पट म्हणजे टक्के. विल्सन टेलर यांनी ही पद्धत १९५३ मध्ये काढली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की त्यांनी ती वाचणाऱ्याला मार्क द्यायला काढली नव्हती. लेखन किती सोपं-अवघड आहे ते मोजायला काढली होती. परीक्षा मजकुराची.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: वर्षाच्या सुरुवातीला आपण मुलांच्या चाचण्या घेतो, पण मूल आणि त्याच्या दप्तरातलं पुस्तक यांची गाठ पडते का, हे कोणी पाहत नाही. तुम्ही पाहता का? कसं?

आंबोळी

सर, राजापूर तालुक्यातून. आमची द्विशिक्षकी शाळा, पट सांगण्यासारखा नाही.

खालच्या वर्गांना आम्ही रोज मोजतोच, पण मोजतो काय ते सांगते. निपुण भारतमध्ये (केंद्र सरकारची वाचन-गणिताची मोहीम) तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द "अर्थासह" वाचावेत असं आहे. साठ शब्द मोबाईलवर वेळ लावून मोजता येतात. "अर्थासह" मोजायला वेळ लागतो, म्हणून तो शब्द हळूच गळून पडतो. मग पोरं गाडी सुटल्यासारखी वाचतात. पूर्णविराम दिसतच नाही त्यांना.

दुसरं म्हणजे 'असर' ही पाहणी. २००५ पासून 'प्रथम' या संस्थेचे लोक गावागावात घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. त्यातली शेवटची पायरी, म्हणजे गोष्ट, ही दुसरीच्या पातळीची असते. त्यांचं काम वेगळं आहे आणि त्या कामापुरतं ते चोख आहे. पण आमच्याकडे सातवीचं पोर गोष्ट वाचून गेलं की "वाचन: आहे" अशी खूण होते आणि विषय संपतो. दुसरीची गोष्ट वाचता येणं आणि सातवीचा भूगोल वाचता येणं यांत पाच वर्षांचं अंतर आहे की!

तुमची रिकाम्या जागांची चाचणी चौथीला चालेल का?

तिरफळ

आम्ही वाचलं, पाठ केलं, पास झालो, नोकऱ्याही केल्या. हल्ली मुलाला न येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं संशोधन होतं. हवेचा दाब कळला नाही तर दोन वेळा समजावून सांगा, कळेल. पन्नास रिकाम्या जागा तपासण्यात जो वेळ जातो त्यात पाठ दोनदा शिकवून होतो.

खाडीपल्याड

@तिरफळ, काका, शिकवल्यावर कळतंच, वाद नाही. पण मी समजावून सांगितलेलं कळणं आणि पुस्तकातलं वाचून कळणं या दोन वेगळ्या गोष्टी. नववी-दहावीत मी शेजारी नसणार, पुस्तक असणार. (आणि पाठ करून पास होणाऱ्यांची परंपरा आजही जोमात आहे, तिची काळजी नसावी.)

@आंबोळी ताई, चौथीला घ्यायची तर उतारा लहान, जागा कमी, आणि आधी फळ्यावर दोन-चार वाक्यं सोडवून दाखवायची. लिहिण्यात अडकणाऱ्यांना तोंडी सांगू द्या, तुम्ही लिहा. नाहीतर वाचनाऐवजी शुद्धलेखन मोजलं जातं.

अवग्रह

चांगला धागा. भाषेच्या अंगाने एक इशारा द्यायचा आहे, कारण ही पद्धत इंग्रजीसाठी बेतलेली आहे आणि तिचे आकडेही इंग्रजीतूनच आले आहेत. साठच्या दशकात जॉन बोर्मुथ यांनी ठरवलेल्या सीमा अजून वापरल्या जातात: साधारण ५७ टक्क्यांच्या वर तर मूल ते पुस्तक एकटं वाचू शकतं, ४४ ते ५७ मध्ये शिक्षकाच्या मदतीने, आणि ४४ च्या खाली पुस्तक त्याच्या डोक्यावरून जातंय. इतरांनी हेच आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत.

पण इंग्रजीत दर पाचवा शब्द काढला की त्यात कितीतरी वेळा बारीकसारीक शब्दच सापडतात, जे इंग्रजी बोलणारं मूल डोळे मिटून भरतं. मराठीत ते काम प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात, आणि ती शब्दाला चिकटलेली असतात. "किनाऱ्यालगतच्या" हा आपला एक शब्द. तो काढला की नाम गेलं, सामान्यरूप गेलं, जवळीक गेली आणि पुढच्या शब्दाशी असलेलं नातंही गेलं. मुलाने "किनाऱ्याजवळच्या" लिहिलं तर? अर्थ पूर्ण कळलाय, पण मूळ शब्द नाही म्हणून शून्य. "किनारा" लिहिलं तर? विषय कळला, वाक्य कळलं नाही. दोघांना सारखंच शून्य देणं मला पटत नाही.

म्हणून ४४ आणि ५७ हे आकडे मराठी पानाला जसेच्या तसे लावू नयेत. मराठी उताऱ्यात चांगल्या वाचकालाही कमी मार्क पडायची शक्यता आहे. पाचव्याऐवजी सातवा शब्द काढून पाहा, आणि तपासताना दोन रकाने ठेवा: मूळ शब्द आला तो एक, अर्थ आणि प्रत्यय दोन्ही जुळले तो दुसरा.

खाडीपल्याड

@अवग्रह, हे फार कामाचं सांगितलंत. मी सीमा लावतच नाही. एकाच वर्गाला दोन वेगळ्या पाठांतली पानं देतो आणि शेजारी ठेवून पाहतो. वर्ग तोच, भाषा तीच, त्यामुळे फरक पडला तर तो पानाचा. भरतीचं पान आणि दाबाचं पान यांत दरी इतकी होती की टक्केवारी काढायची गरजच पडली नाही. दोन रकान्यांची कल्पना मात्र उचलतोय.

जुना_बस्ता

केंद्रप्रमुख म्हणून (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारा) निवृत्त झालो, रत्नागिरी जिल्ह्यातच. धागा वाचून राहवलं नाही.

शिक्षण परिषदेत मी शिक्षकांना एक वाक्य फळ्यावर लिहून देत असे: "गुंडवे तरळ झिबकात हळूहळू पुसटतात, कारण त्यांचा लोंभ सांडतो." मग प्रश्न. गुंडवे कोठे पुसटतात? तरळ झिबकात. कसे पुसटतात? हळूहळू. का पुसटतात? त्यांचा लोंभ सांडतो म्हणून. पैकीच्या पैकी मार्क! आणि गुंडवे म्हणजे काय हे मलाही ठाऊक नाही, कारण तो शब्द मीच बनवला. अवग्रह ज्या प्रत्ययांबद्दल बोलतायत, त्यांच्याच जोरावर मूल हे करतं. "-त" दिसला की "कोठे"चं उत्तर, "कारण" दिसला की "का"चं. पाठाखालच्या स्वाध्यायातले बरेच प्रश्न या युक्तीने सुटतात आणि मुलांना ही युक्ती आपणच शिकवतो. "प्रश्नातला शब्द पाठात शोधा, पुढचं वाक्य लिहा." शिकवतो की नाही?

म्हणून समजलं का हे बघायचं तर असा प्रश्न हवा ज्याचं उत्तर पानावर एका जागी सापडत नाही. दोन परिच्छेद जोडावे लागतील असा. किंवा पानावरची गोष्ट नव्या ठिकाणी नेऊन: "गुहागरच्या किनाऱ्यावर आणि कुंभार्ली घाटमाथ्यावर हवेचा दाब मोजला, तर कुठे जास्त येईल? पाठातल्या कोणत्या वाक्यावरून ठरवलंस? बोट ठेव." ते बोट महत्त्वाचं. उत्तर घरून आणलेलं असेल तर बोट कुठे ठेवायचं ते मुलाला कळत नाही.

सरांच्या भरतीच्या अडचणीवर जुना उपाय आहे. प्रश्न आधी विचारायचे, पुस्तक न उघडता. जे प्रश्न मुलं न वाचताच सोडवतात ते चाचणीतून काढून टाकायचे. वाईट प्रश्न म्हणून नव्हे, वाचन तपासायला निरुपयोगी म्हणून. वर्ग लहान असेल तर सहावीला किंवा आठवीला विचारून बघा.

आणि एक विनंती. हे जे चाललंय ते वर्गातच ठेवा. केंद्रावर कळलं की त्याचा तक्ता होईल, तक्त्याची लिंक होईल, लिंकची मुदत होईल, आणि शेवटच्या दिवशी रात्री नेटवर्क शोधत तुम्ही शाळेमागच्या सड्यावर उभे असाल. मीच असे तक्ते गोळा केलेत, म्हणून सांगतो. वर्षाच्या सुरुवातीची ती सरकारी पायाभूत चाचणीही चांगल्या हेतूने आली होती. भरणाऱ्याला ती कधी "माझ्या वर्गाची गोष्ट" वाटली नाही.

वेंगुर्लेकरीण

बोट ठेवायची कल्पना झकास, गुरुजी. पण बोट ठेवून पोर बोलणार कुठल्या भाषेत?

आमच्याकडे मालवणी बोलणारी पोरं. पाठ वाचून झाल्यावर "तुझ्या शब्दांत सांग" म्हटलं की ती प्रमाण मराठीतले शब्द शोधत बसतात, सापडले नाहीत की पुस्तकातलंच वाक्य म्हणतात. तेच "आवशीक घराक जावन काय सांगशीत?" (घरी जाऊन आईला काय सांगशील?) असं विचारलं की सुटतात. एका मुलीने भांगाची भरती "आज भांग असा, पाणी जास्त चढूचा नाय, सूर्य एका बाजूक ओढता नि चंद्र दुसऱ्या" अशी सांगितली. सूर्य आणि चंद्र काटकोनात आहेत म्हणून त्यांची ओढ एकत्र येत नाही, हे तिला कळलं होतं, आणि हा भाग घरून आलेला नव्हता! भांग घरचा, सूर्याची ओढ पुस्तकातली. तिच्या वहीत मात्र पाठातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं, त्यावरून काही म्हणता काही कळलं नसतं.

रिकाम्या जागांच्या चाचणीत अशा मुलीला कमी पडतील. वाचून बोलीत सांगायला लावणं हे जास्त खरं, असं माझं मत. वेळ लागतो, मान्य आहे. सगळ्यांचं होत नाही. मी रोज दोघा-तिघांना मधल्या सुट्टीच्या आधी बोलावते.

तिरफळ

हे मात्र पटलं. आमचे एक मास्तर असंच विचारायचे, "आता हे तुझ्या आज्येला सांग." तेव्हा राग यायचा.

चाकरमानी_सावंतवाडी

पालक म्हणून लिहितोय. मी मुंबईला, मुलगा आजी-आजोबांकडे गावी, सहावीत, सेमी-इंग्रजी. सायन्स आणि मॅथ्स इंग्रजीतून. घरी फोनवर धडा वाचून दाखवतो, उच्चार चांगले आहेत. मार्कही बरे. मग मे महिन्यात मी सायन्सचं एक पान उघडून विचारलं, हे काय सांगतायत? तर म्हणाला, "बाबा, हे पाठ करायचं असतं." आता यात भाषा नडतेय की विज्ञान नडतंय हे मी कसं ओळखू? शाळेत विचारलं तर "प्रगती समाधानकारक" एवढंच उत्तर.

अवग्रह

@चाकरमानी, तुमच्या बाबतीत तपासणी उलट सोपी आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, सर्व माध्यमांची. त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं विज्ञान घ्या. अजून न शिकवलेला एक पाठ निवडा. त्यातला अर्धा भाग मुलाला इंग्रजीतून द्या आणि पुढचा अर्धा मराठीतून, आणि प्रत्येकावर तीन-चार प्रश्न, जुना_बस्ता यांनी सांगितले तसे. मराठीत कळलं आणि इंग्रजीत नाही, तर अडचण भाषेची. दोन्हीकडे अडलं, तर विषयाची किंवा एकूण वाचनाचीच. तोच मजकूर दोनदा देऊ नका, दुसऱ्या वेळी तो आठवणीवर सोडवेल.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र इथे उपयोगी पडतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं वाचण्याची क्षमता गुणिले ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. त्यातलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही मोठं असून हाती काही येत नाही. तुमचा मुलगा इंग्रजी अक्षरं उत्तम वाचतो, म्हणून फोनवर ऐकणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. तेच पान तुम्ही त्याला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकूनही कळलं नाही तर आणखी वाचनाचा सराव देऊन फरक पडणार नाही, आधी इंग्रजी कानावर पडायला हवं.

चाकरमानी_सावंतवाडी

हे करून पाहतो. गणपतीला घरी जातोच आहे. आजोबांना प्रश्न काढायला बसवतो, ते जुने मॅट्रिक आहेत, खूश होतील.

आंबोळी

एक विचारू का सर? समजा तपासलं आणि कळलं की पान झेपत नाही. पुढे काय? पुस्तक तर आपण बदलू शकत नाही. मधे दोन वर्षं पुस्तकातच वहीची कोरी पानं घालून दिली होती, "माझी नोंद" म्हणून, तीही आली तशी गेली. आपल्याला कोण विचारतं?

खाडीपल्याड

ताई, खरा प्रश्न हाच. मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

मूल कच्चं म्हणून त्याला खालच्या इयत्तेचं काहीतरी द्यायचं, हे मी करत नाही. त्याने पुस्तक आणखी लांब जातं. अवघड निघालेल्या पानावर वाचायच्या आधी काम करतो. दाबाच्या पाठात मुलं कुठे अडली हे रिकाम्या जागांवरूनच दिसलं. "समदाब रेषा"सारख्या पारिभाषिक शब्दांवर अडतील असं वाटलं होतं, पण त्या जागा बऱ्याच जणांनी भरल्या, कारण तो शब्द त्याच पानावर पुन्हा येतो. अडली ती "त्यामुळे", "परिणामी", "याउलट", "तुलनेने" अशा ठिकाणी. म्हणजे सुटे शब्द कळत होते आणि वाक्यांमधला सांधा कळत नव्हता. हवा तापते, प्रसरण पावते, विरळ होते, वर जाते, खाली जमिनीलगतचा दाब कमी होतो. ही पाच पायऱ्यांची साखळी पुस्तकात दोन वाक्यांत बसवलेली असते. आता मी तसा परिच्छेद आधी पट्ट्यांवर लिहून कापतो आणि मुलांना क्रमाने लावायला देतो. मग पुस्तक उघडतो. शब्दार्थ लिहून देण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतोय.

वेंगुर्लेकरीण ताईंचं म्हणणं मान्य. रिकाम्या जागा पान तपासायला, बोलीतलं सांगणं मूल तपासायला, अशी वाटणी केली तर दोन्ही टिकतील. आणि गुरुजी, मार्क कुठल्याही नोंदवहीत चढवत नाही. कागद मुलांना परत देतो, नाव न लिहिताच घेतो.

एक राहिलंच. भूगोलाचं पान म्हणजे नुसती वाक्यं नाहीत. सूर्य-चंद्र-पृथ्वीच्या आकृतीत चंद्र पृथ्वीला खेटून काढलेला असतो, मुलं ते अंतर खरं धरतात. आकृती आणि नकाशा वाचता येतो का, हे यातल्या कुठल्याच चाचणीत येत नाही. त्यासाठी कोणी काही करतं का?

जुना_बस्ता

आकृतीची नावं झाकून द्या आणि शेजारचा परिच्छेद वाचून मुलांना ती लिहायला लावा. मग उलट: परिच्छेद झाका, आकृतीवरून दोन वाक्यं लिहायला सांगा. पहिलं बहुतेकांना जमतं. दुसऱ्यात खरी गंमत आहे.

वेंगुर्लेकरीण

हे उद्याच करते, परिपाठानंतर. सर, तुमचा गाळलेल्या शब्दांचा उतारा इथे टाकाल का? आणि रिकाम्या जागा शब्दाएवढ्या लहान-मोठ्या ठेवता की सगळ्या सारख्या?

खाडीपल्याड

सगळ्या सारख्या, नाहीतर लांबीवरून ओळखतात. ऐसपैस ठेवा, मुलांचं अक्षर मोठं असतं. आमच्या इथे आज दिवसभर वीज नाही, संध्याकाळी आली की दोन्ही उतारे टाकतो. सातव्या शब्दाचा नमुनाही करून ठेवतो, अवग्रह यांनी एकदा नजर घालावी.